लिस्बन नगरीतील चार तास

राजधानी ही केवळ राज्यकारभाराची जागा नव्हे. ज्या सत्तेने दूरदूरच्या मुलखांवर अंमल गाजविला, तिच्या राजधानीत त्या मुलखांची काही ना काही खूण दगडात, धातूत, निदान रस्त्याच्या नावात तरी उरलेली असते. पुणे, ग्वाल्हेर, बडोदे ही आपली राजधानीची शहरे ज्यांनी डोळसपणे पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. परंतु ज्या राजधानीच्या नावाने १५१० पासून १९६१ पर्यंत, म्हणजे तब्बल ४५१ वर्षे, गोमंतकाचा कारभार चालला, ती राजधानी आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिली आहे. तिच्या हुकुमाने आपल्या पूर्वजांच्या जमिनींचे दस्त झाले, तिच्या हुकुमाने आपले देव गाव सोडून गेले, आणि तिच्याच तुरुंगांत आपल्या स्वातंत्र्याचे सैनिक खितपत पडले. ती राजधानी म्हणजे लिस्बन.

युरोपातील मोठ्या शहरांत हल्ली प्रवाशांसाठी एक सोय झाली आहे. मोठ्या जथ्याबरोबर धावपळ करण्याऐवजी आपल्यापुरता एक वाटाड्या आणि एक गाडी ठरवून तीन-चार तासांत शहराचे मुख्य दर्शन घेता येते. आम्हीही लिस्बनमध्ये अशीच चार तासांची सफर ठरविली. वाटाड्या तरुण होता, शिकलेला होता आणि आपल्या शहरावर त्याचे मनापासून प्रेम होते. त्याने जे दाखविले ते मन लावून दाखविले, याविषयी आमची तक्रार नाही. मात्र कोणत्याही राजधानीचा वाटाड्या वहीची जमेची बाजू वाचतो. ती जमा कोणाच्या खात्यातून आली, हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही. ती दुसरी बाजू पाहणाऱ्याने स्वतःबरोबर न्यावी लागते. या लेखात दोन्ही बाजू शेजारी शेजारी मांडण्याचा आमचा हेतू आहे.

सफरीचा आरंभ तेजो नदीच्या काठावरील विस्तीर्ण चौकात झाला. प्रासा दो कोमेर्सियो, म्हणजे व्यापारचौक, हे त्याचे आजचे नाव. पण लिस्बनचे लोक त्यास अद्याप तेरेरो दो पासो, म्हणजे राजवाड्याचे पटांगण, असेही म्हणतात. राजा मानुएल याने सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे नदीलगत आपला नवा राजवाडा बांधला, आणि त्याला लागूनच कासा दा इंडिया, म्हणजे हिंदुस्थानगृह, या नावाची कचेरी होती. राजा आणि व्यापार यांचे इतके निकटचे शेजार त्या काळी युरोपातही विरळाच होते. पूर्वेकडून येणाऱ्या प्रत्येक जहाजाचा माल या कचेरीत उतरे, तेथे त्याचे वजन होई, जकात ठरे आणि नोंद होई. साधारणपणे मार्च-एप्रिलात लिस्बनहून निघालेला तांडा आफ्रिकेला वळसा घालून सप्टेंबरच्या सुमारास गोव्यास पोचे. परतीची जहाजे डिसेंबर-जानेवारीत आपला किनारा सोडीत. हे सर्व वेळापत्रक वाऱ्यांवर अवलंबून असे. आपण ज्यास मोसम म्हणतो, त्यालाच पोर्तुगीज भाषेत मोंसांव म्हणतात. दोन्ही शब्द एकाच अरबी शब्दापासून आले आहेत. गोव्याचे व्हाइसरॉय आणि लिस्बनचा दरबार यांच्यातील पत्रव्यवहाराच्या ग्रंथमालेसही 'मोसमांची पुस्तके' असेच नाव आहे. मराठेशाहीच्या इतिहासाला उपयुक्त असा केवढा तरी मजकूर त्या दप्तरात आहे. गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख पांडुरंग पिसुर्लेकर यांनी आयुष्यभर त्यातून मराठ्यांचे कागद वेचले, हे आपल्या वाचकांस ठाऊक आहेच.

१ नोव्हेंबर १७५५ रोजी सकाळी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बनला भूकंपाचा भीषण धक्का बसला. मागोमाग नदीतून समुद्राची लाट चढून आली, आणि नंतर कित्येक दिवस शहर जळत राहिले. राजवाडा गेला, हिंदुस्थानगृह गेले, आणि तेथील कागदही गेले. आमचा वाटाड्या या प्रलयाचे वर्णन करू लागला तेव्हा त्याचा आवाज नकळत खाली आला. अडीचशेहून अधिक वर्षे लोटली तरी त्या शहराची ती जखम अजून बोलते. सत्ताधीशांच्या नगरीतही माणसेच राहतात आणि दुःखाला पक्ष नसतो, ही गोष्ट त्या चौकात उभे असताना विसरता येत नाही.

चौकाच्या मध्यभागी राजा जुझे याचा १७७५ साली उभारलेला अश्वारूढ पुतळा आहे. शहराची पुन्हा उभारणी करणारा त्याचा मंत्री मार्केस दे पोंबाल याची प्रतिमाही चौथऱ्यावर आहे. याच पोंबालच्या कारकीर्दीत १७७४ मध्ये गोव्यातील इन्क्विझिशन बंद करण्यात आले होते. पुढे तो सत्तेवरून गेल्यावर ते पुन्हा सुरू झाले आणि १८१२ मध्ये कायमचे संपले. पुतळ्याच्या दोन बाजूंस दोन शिल्पसमूह आहेत; एकात घोडा आहे आणि दुसऱ्यात हत्ती. वाटाड्या म्हणाला, "हा हत्ती आमच्या पूर्वेकडील साम्राज्याची खूण." आम्ही तो हत्ती लक्षात ठेवला, कारण त्या दिवशी तो आम्हांस पुन्हा भेटणार होता.

चौकातून मोठ्या कमानीखालून आत शिरले की रुआ आउगुस्ता हा सरळ, देखणा रस्ता लागतो. कमानीवर वास्को द गामा आणि पोंबाल यांचे पुतळे आहेत. या रस्त्यावर आज कलावस्तूंचे एक संग्रहालय आहे. वाटाड्याने त्यातील खुर्च्या-मेजांच्या रचनेची तारीफ केली. त्या इमारतीत पूर्वी बांको नासियोनाल उल्ट्रामारिनो या बँकेची मुख्य कचेरी होती, हेही त्याने ओघात सांगितले. गोव्यातील वृद्धांना हे नाव नवीन नाही. गोव्यात चालणाऱ्या नोटा हीच बँक काढी, आणि अडीअडचणीच्या वेळी घरातले सोने हिच्याच पणजीच्या शाखेत गहाण पडे. लग्नासाठी, आजारपणासाठी, मुंबईला जाणाऱ्या मुलाच्या वाटखर्चासाठी कोणी पाटल्या ठेवल्या, कोणी गोठ ठेवले, कोणी गळ्यातला सर ठेवला. १९६१ साली भारतीय सेना येण्यापूर्वी बँकेने हे गहाणाचे सोने लिस्बनला हलविले. हिंदूंचे डाग आणि ख्रिस्ती घरांचे डाग एकाच जहाजातून गेले. तीस वर्षे ते तेथेच होते. दोन्ही देशांत बोलणी होऊन १९९१ मध्ये ते परत आले, आणि कित्येकांच्या मुला-नातवंडांना त्यांचे डाग मिळाले. हे कसे घडले, याचा वाचकांनी विचार करावा. ते घडले, कारण बँकेच्या दप्तरी गहाणाची नोंद होती. जेथे नोंद होती तेथे तीस वर्षांनंतरही मागता आले आणि मिळाले. आमच्या मते या सफरीतला सर्वांत मोठा धडा हाच होय, आणि पुढच्या प्रत्येक ठिकाणी तो आम्हांस आठवत राहिला.

त्याच रस्त्याच्या वरच्या टोकाशी रोसियो नावाचा चौक आहे. तेथे स्तंभांच्या दर्शनी भागाचे एक सुंदर नाट्यगृह आहे. ते १८४६ मध्ये उघडले. त्या जागेवर पूर्वी एस्ताउस नावाचा वाडा होता, आणि तो लिस्बनच्या इन्क्विझिशनचे ठाणे होता. पोर्तुगालमध्ये हे धर्मन्यायासन १५३६ मध्ये स्थापन झाले. गोव्यात ते १५६० मध्ये आले आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकरांनी त्याचा इतिहास साधार लिहून ठेवला आहे. नाट्यगृहाच्या जवळच सांव दोमिंगोस हे चर्च आहे. १९५९ मधील आगीत ते आतून जळाले. त्याच्या भाजलेल्या खांबांवरच्या खुणा मुद्दाम तशाच ठेवल्या आहेत. चर्चसमोरच्या पटांगणात २००८ मध्ये बसविलेला एक स्मारकाचा दगड आहे. १५०६ मध्ये लिस्बनमध्ये ज्यू लोकांची जी कत्तल झाली, तिच्या स्मरणार्थ तो आहे. आपल्या पूर्वजांच्या हातून घडलेला अपराध शहराने स्वतःच्या मुख्य चौकाजवळ दगडावर लिहावा, ही गोष्ट लहान नव्हे. आम्ही त्या दगडापाशी काही काळ स्तब्ध उभे राहिलो.

त्या दगडाशी गोव्याचाही एक धागा जोडलेला आहे. गार्सिया द ओर्ता हा वैद्य ज्यू वंशातला, सक्तीने ख्रिस्ती झालेल्या घराण्यातला. तो १५३४ मध्ये हिंदुस्थानात आला आणि गोव्यात स्थायिक झाला. आपल्याकडील औषधी वनस्पती, मसाले आणि फळे यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. आपल्याकडील वैद्यांशी त्याचा परिचय होता आणि त्यांच्यापासून घेतलेले ज्ञान त्या ग्रंथात आहे. १५६८ मध्ये तो वारला. पण इन्क्विझिशनने १५८० मध्ये त्याची हाडे उकरून काढून जाळली. पणजीच्या नगरोद्यानाला पुढे याच ओर्ताचे नाव देण्यात आले. ज्या न्यायासनाने मृताची हाडेही सोडली नाहीत, त्याच्या हातून जिवंत हिंदूंची आणि नवख्रिस्त्यांची काय गत झाली असेल, ते निराळे सांगण्याचे कारण नाही.

तेथून गाडी आल्फामाच्या चढावर लिस्बनच्या मुख्य चर्चपाशी आली. ११४७ मध्ये मुसलमानांकडून शहर जिंकल्यावर हे चर्च उभारले गेले. "येथे पूर्वी शहराची मशीद होती," असे वाटाड्याने आपण होऊन सांगितले. त्याच्या या सरळपणाचे आम्हांस कौतुक वाटले. प्रार्थनास्थळाच्या जागी प्रार्थनास्थळ उभे राहिले, हे तो स्वतःच्या शहराविषयी निःसंकोच बोलतो. मग तिसवाडी आणि सासष्टीविषयी हेच बोलण्यास कोणी संकोच का करावा? परंतु न्यायाने बोलावयाचे तर आपल्याकडचाही एक दाखला सांगितला पाहिजे. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर तेथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि त्या आपल्या अनेक देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा पोर्तुगीज घडणीची असून तिच्यावर १७२१ हे साल आहे. आपण ती घंटा मोठ्या अभिमानाने दाखवितो. ती कोणत्या गावकऱ्यांना प्रार्थनेस बोलावण्यासाठी ओतली होती, हेही तिच्याखाली उभे राहून सांगावयास हरकत नाही. आपला हिशेब मागणाऱ्याने आपलीही वही उघडी ठेवावी.

चर्चला लागूनच आल्जुबे नावाची इमारत आहे. हा मूळ अरबी शब्द असून त्याचा अर्थ विहीर किंवा खड्डा असा होतो. सालाझारच्या हुकूमशाहीत येथे गुप्त पोलिसांचा तुरुंग होता. २०१५ पासून तेथे प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे संग्रहालय आहे. अंगाला अंग घासेल अशा अरुंद कोठड्यांत सालाझारला विरोध करणारे पोर्तुगीज लेखक, कामगार, विद्यार्थी यांना कोंडीत असत. वाटाड्या म्हणाला, "आमच्याही लोकांवर राज्य करणारे तेच होते." त्याचे म्हणणे खरे आहे. ज्या हाताने गोव्यात सत्याग्रह्यांना बडविले, त्याच हाताने लिस्बनमध्येही माणसे कोंडली. आणखी एक गोष्ट आम्ही त्यास सांगितली. मराठीत ज्याला तुरुंग म्हणतात, तो शब्दच पोर्तुगीज त्रोंको या शब्दावरून आलेला आहे. चावी आणि लिलाव हे शब्दही तेथूनच आले. पाव आणि बटाटाही. तो हसला आणि लगेच गंभीर झाला.

गोव्याच्या मुक्तिसंग्रामातील कैद्यांची नावे मात्र चार तासांच्या सफरीत कोठेच आली नाहीत. ती येथे लिहिणे आमचे कर्तव्य आहे. गोव्याच्या राष्ट्रीय चळवळीचे जनक त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये अटक झाली. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि लिस्बनच्या उत्तरेस समुद्रकाठी असलेल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठविले. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे आणि राम हेगडे यांनाही पोर्तुगालमध्ये नेण्यात आले. मोहन रानडे हे मूळचे सांगलीचे. ते गोव्यात सावई-वेरे येथे मराठी शाळेत शिक्षक होते आणि आझाद गोमंतक दलाचे सैनिक होते. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. त्यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात ठेवण्यात आले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पण रानडे मुक्त झाले नाहीत. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात सुधीर फडके यांनी चिकाटीने प्रयत्न केले. अखेर जानेवारी १९६९ मध्ये, म्हणजे गोव्याच्या मुक्तीनंतर सात वर्षांहूनही अधिक काळाने, ते सुटले. आमची गाडी ज्या नदीकाठच्या रस्त्याने बेलेमकडे गेली, तोच किनारा पुढे काशियासला जातो. परंतु सफरीची हद्द बेलेमलाच संपते.

बेलेम हे लिस्बनचे सर्वांत मिरविले जाणारे ठिकाण होय. येथूनच ८ जुलै १४९७ रोजी वास्को द गामाची जहाजे सुटली आणि मे १४९८ मध्ये कालिकतच्या किनाऱ्यास लागली. नदीच्या पाण्यात उभा असलेला बेलेमचा बुरूज १५१४ ते १५१९ या काळात बांधला गेला. त्याच्या एका गच्चीवजा बुरजीच्या तळाशी झिजलेले गेंड्याचे शिर कोरलेले आहे. त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. गुजरातचा सुलतान मुजफ्फर शहा दुसरा याने तो गेंडा आफोंसो द आल्बुकर्कला भेट म्हणून दिला. आल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून लिस्बनला रवाना केला, आणि २० मे रोजी तो तेथे उतरला. प्राचीन रोमन काळानंतर युरोपात आलेला तो पहिला गेंडा. राजा मानुएलने त्याची एका हत्तीशी झुंज लावली, तेव्हा हत्तीने पळ काढला म्हणतात. पुढे राजाने तो पोपला भेट पाठविला, परंतु १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्यावर जहाज बुडून तो मेला. आल्ब्रेख्ट ड्यूरर या जर्मन चित्रकाराने तो न पाहताच, केवळ ऐकीव माहितीवर आणि एका रेखाटनावर, त्याचे चित्र कोरले. पुढे दोन-अडीच शतके युरोपने तेच चित्र खरे मानले. पूर्वेकडची गोष्ट न पाहता तिचे चित्र काढावयाचे आणि तेच प्रमाण मानावयाचे, ही खोड गेंड्यापुरती मर्यादित राहिली नाही.

बुरुजापासून थोड्या अंतरावर नदीकाठी दर्यावर्द्यांचे प्रचंड स्मारक आहे. जहाजाच्या नाळेच्या आकाराच्या त्या दगडी रचनेवर राजपुत्र हेन्रीच्या मागे गामा, आल्बुकर्क, कामोंइश, सेंट झेवियर अशा ३२ व्यक्तींच्या मूर्ती आहेत. मूळ स्मारक १९४० च्या प्रदर्शनासाठी तात्पुरते उभारले होते. आजचे पक्के स्मारक १९६० मध्ये झाले. सालाझार सरकारला जगास आपले साम्राज्य अढळ असल्याचे दाखवावयाचे होते. त्यानंतर दीड वर्षाच्या आत गोवा, दमण आणि दीव हातचे गेले. पायाशी फरशीवर जगाचा मोठा नकाशा असून त्यात पोर्तुगीज जहाजे कोठे केव्हा पोचली, त्यांची साले आहेत. ती परत केव्हा गेली, याची साले नाहीत. पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तेथील हुकूमशाही एप्रिल १९७४ मध्ये कोसळल्यानंतर, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने.

सफरीचा शेवटचा मुक्काम जेरोनिमोस मठ. दगडातून दोरखंड, पोवळी, वेली आणि दूरदेशीची फळे उगवल्यासारखी वाटावीत असे हे शिल्प आहे, आणि त्याच्या सौंदर्याविषयी दुमत होणार नाही. सोळाव्या शतकाच्या अगदी आरंभी त्याचे काम सुरू झाले आणि सुमारे शतकभर चालले. खर्च कोठून आला? आफ्रिका आणि पूर्वेकडील व्यापारावर राजाने विसावा हिस्सा कर बसविला होता. तो या बांधकामास लावून दिला. आत शिरताच एका बाजूस गामाचे आणि दुसऱ्या बाजूस कवी कामोंइश याचे थडगे आहे. गामा १५२४ मध्ये कोचीन येथे वारला आणि प्रथम तेथेच पुरला गेला होता.

परंतु आमचे पाय थांबले ते मुख्य वेदीजवळ. तेथे राजा मानुएल आणि त्याचा मुलगा राजा जुआंव तिसरा यांची, त्यांच्या राण्यांसह, थडगी आहेत, आणि ती संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेली आहेत. चौकातला तो हत्ती आम्हांस येथे पुन्हा भेटला. वाटाड्याने हत्तींची कलाकुसर दाखविली. आम्ही त्यास विचारले, "हा जुआंव तिसरा आमच्याकडे कशासाठी ओळखला जातो, ठाऊक आहे का?" तो म्हणाला, "नाही, आम्हांला तो विद्यापीठाचा आश्रयदाता म्हणून शिकवितात. तुम्ही सांगा." मग आम्ही सांगितले, तेच येथे लिहितो.

याच राजाच्या कारकीर्दीत, १५४० च्या सुमारास, तिसवाडी बेटावरील देवळे पाडण्यात आली. १५४१ मध्ये त्या देवळांच्या जमिनींचे उत्पन्न गावकऱ्यांकडून काढून घेऊन नव्या धर्मकार्यास आणि पुढे सेंट पॉल विद्यालयास लावण्यात आले. १५२६ च्या सनदेने याच पोर्तुगीज सरकारने गावकारीचे जुने हक्क लेखी मान्य केले होते; त्यास पंधरा वर्षेच झाली होती. १५४३ मध्ये बारदेस आणि सासष्टी पोर्तुगीजांकडे गेली. जुआंव १५५७ मध्ये वारला, पण धोरण राहिले. १५६० मध्ये कुशस्थळीचा मंगेश अघनाशिनीपलीकडे प्रियोळला गेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली. अंत्रूज महाल तेव्हा आदिलशाहीत होता, म्हणून देवांना तेथे आसरा मिळाला. १५६७ मध्ये सासष्टीतील देवळांचा विध्वंस झाला. आणि ज्या वेदीजवळ आम्ही उभे होतो ती राणी कातारिनाच्या आज्ञेने १५७१-७२ मध्ये नव्याने बांधली गेली. इकडे महाजन रानावनात देवांसाठी छप्पर उभारीत होते, त्याच सुमारास तिकडे राजाच्या थडग्याखाली आपल्याकडचा हत्ती वाकत होता.

वाटाड्या स्तब्ध राहिला. नंतर त्याने खिशातून वही काढली आणि मंगेश, शांतादुर्गा, म्हाळसा ही नावे आमच्याकडून अक्षरे विचारून उतरून घेतली. पुढच्या पाहुण्यांना तो ती सांगेल की नाही, हे त्याच्यावर. पण त्याने ती विचारली, यात आम्हांस समाधान वाटले.

चार तास संपले. जे त्या सफरीत नसते तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी याच लिस्बनमध्ये संस्कृत शिकविले, कोकणीचा कोश केला आणि आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा मोठा शब्दसंग्रह १९१९ ते १९२१ मध्ये प्रसिद्ध केला. १९२२ मध्ये ते तेथेच वारले. शहराच्या उत्तर भागात महात्मा गांधींच्या नावाच्या मार्गावर राधा-कृष्णाचे मंदिर १९९८ मध्ये उघडले. त्याचे भाविक बहुतेक दीव-गुजरातचे, मोझांबिकमार्गे तेथे गेलेले. आणि मडगावच्या घराण्यातले आंतोनियो कोस्ता २००७ पासून २०१५ पर्यंत लिस्बनचे नगराध्यक्ष होते, नंतर २०२४ पर्यंत देशाचे पंतप्रधान. ज्या शहरातून गोव्यास हुकूम सुटत, त्या शहराचा कारभार गोव्याच्या रक्ताच्या माणसाने चालविला. इतिहास असेही उलट हिशेब मांडतो.

आता आपल्या दारची गोष्ट. जुने गोवे हीही एका काळची राजधानीच. तेथेही प्रवासी येतात, तासा-दोन तासांची सफर करतात, बॉम जेझुस आणि से चर्च पाहतात आणि परततात. सेंट पॉल विद्यालयाच्या उरलेल्या एकाकी दारापाशी किती जण थांबतात? त्या विद्यालयास कोणत्या देवळांचे उत्पन्न लागले, हे तेथे कोण सांगतो? आणि खुद्द मंगेशी, म्हार्दोळ, कवळे येथे आलेल्या परप्रांतीय भाविकास हा देव मूळचा कोणत्या गावचा, येथे केव्हा आणि का आला, हे दिसेल असा फलक प्रत्येक ठिकाणी आहे काय? शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये नार्व्याच्या सप्तकोटेश्वराचा जीर्णोद्धार केला आणि त्याचा शिलालेख दारावर बसविला. म्हणूनच साडेतीनशे वर्षांनंतरही ते साल आपण निःशंकपणे सांगू शकतो. मोठ्या राजाने एवढी साधी गोष्ट ओळखली होती की बांधलेले पडू शकते, लिहिलेले टिकते.

म्हणून आमच्या देवस्थानांच्या महाजनांस नम्र विनंती आहे. ज्या देवस्थानात अद्याप नसेल तेथे मूळ गाव, स्थलांतराचे साल, कुळावींची मूळ गावे आणि देवाबरोबर कोण कोण आले, ही माहिती मराठी, कोकणी आणि इंग्रजीत दगडावर कोरून लावावी. मूळ जागेवर आज जे गावकरी राहतात, त्यांत ख्रिस्ती बांधवही असतील. त्यांच्या घरांतही जुन्या देवाची आठवण पुष्कळदा जिवंत असते; ती त्यांच्याकडूनही लिहून घ्यावी. यात कोणाविरुद्ध द्वेष नाही. बँकेतले डाग परत आले ते नोंद होती म्हणून. देवळांचे दगड परत येणार नाहीत, पण त्यांची नोंद अजून करता येईल. आणि ज्यांना लिस्बनला जाण्याचा योग येईल, त्यांनी ती नोंद बरोबर न्यावी आणि तेथील वाटाड्यास वाचून दाखवावी. आमचा अनुभव असा की तो ऐकून घेतो.